पांढऱ्या बादलीपुढे थांबलेला कुत्रा

आयनोची केबिन, अप्पर पेनिन्सुला, मिशिगन
१२ ऑक्टोबर २००८

ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे समजून घे, कागद थोडा आहे आणि सांगायचं खूप. फोन का करत नाहीस म्हणून तू चिडलीस. इथे मोबाइलला एक काडी येते, तीही टेकडीवर चढलं तर. आयनोकडे फोन नाही. म्हणजे होता, वादळात खांब पडला आणि यानं तो पुन्हा उभा करूनच घेतला नाही. शांतता आवडली म्हणे. म्हणून पत्र. पोस्ट इथल्या किराणा दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात आहे, तिकडे गेलो की पास्टी पण खातो. पास्टी म्हणजे आपली करंजीच, फक्त आत बटाटा, मटण आणि कांदा, आणि आकार बुटाएवढा. आईला दाखवली तर म्हणेल, मुरड नीट घातली नाही.

तर आयनो. मी सध्या ज्याच्याकडे राहतो तो म्हातारा. याचा आजा फिनलंडहून खाणीत काम करायला आला होता. हा शिकारी कुत्री तयार करतो आणि सीझनमध्ये शिकागोच्या, डेट्रॉइटच्या साहेब लोकांना ग्राउज मारायला जंगलात नेतो. ग्राउज म्हणजे तित्तिरच समज, जरा थोराड. मी बंदूक धरत नाही, घाबरू नको. मी कुत्री सांभाळतो. खायला घालतो, पायातले काटे काढतो, रानात सोडतो आणि शोधून आणतो.

ही कुत्री धावून पक्षी पकडत नाहीत बरं का. वास आला की जागच्या जागी थिजतात. एक पाय वर, शेपटी ताठ, नाक पक्ष्याकडे. याला पॉइंट म्हणतात. माणूस पोचेपर्यंत हलायचं नाही, भुंकायचं नाही. गळ्यात घंटी असते. वाजतेय तोवर कुत्रा पळतोय, बंद झाली की कुत्रा उभा. म्हणजे आवाज आला की नाही, आवाज थांबला की धावायचं. उलटाच कारभार.

खरी गंमत दोन कुत्री सोडली की येते. मॉली म्हातारी, पांढरीशुभ्र, कानावर फक्त थोडं तपकिरी. तिला वास आला, ती थांबली. पीट पोरगेला, तिकडे लांब कुठेतरी. त्याला वास-बिस काही नाही. पण मॉली थांबलेली दिसली की त्यानंही थांबायचं. नुसतं तिच्याकडे बघून! म्हणजे तिला लागलंय ना काहीतरी, मग असणारच. याला बॅक करणं म्हणतात. आणि मी जाऊन डोक्यावर हात ठेवीपर्यंत त्यानं तसंच राहायचं.

आता पीटच्या डोक्यात असं बसलंय की पांढरं काही गप्प दिसलं की थांबायचं. परवा अंगणातल्या पांढऱ्या बादलीला बॅक करून उभा! त्याआधी वाळत घातलेल्या चादरीला. बर्चचं झाड पांढरं असतं, ते पडलेलं दिसलं की हा ताठ. पाहुणे हसून हसून खाली बसतात. आयनो टोपी काढून बादलीला म्हणाला, "मॅडम, पक्षी कुठे आहे तेवढं सांगा." हा माणूस दिवसभरात दहा शब्द बोलतो, त्यातले इतके बादलीवर घालवले.

कॉलेजचं विचारू नको. मी जाणार नाही परत. आईला तूच काय ते सांग, नेहमीसारखं.

शैलू


ट्रॉय, डेट्रॉइटजवळ
२१ ऑक्टोबर २००८

शैलू,

पत्र पोचलं. इशिताला बादलीचं वाचून दाखवलं. तेव्हापासून ती बाथरूममधल्या बादलीसमोर एक पाय वर करून उभी राहते. "आय ॲम पीट, मम्मा, डोन्ट टच माय हेड." आंघोळ राहते बाजूला.

आईला सांगितलं, सेमिस्टर चालू आहे, अभ्यास खूप आहे. बाबांनी विचारलं, कुठला विषय? मी म्हटलं, प्राणिशास्त्राकडे वळलाय. हसू नकोस. फोन ठेवला आणि मला घाम फुटला.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली. तुझे भावोजी आजकाल पोहे फार छान करतात, मंगळवारी, बुधवारी, कधीही. परवा संध्याकाकूंकडे दिवाळीचा फराळ करायला सगळ्या जमलो होतो. माझ्या चकल्या तुटल्या. काकू म्हणाल्या, "पद्मिनी, लक्ष कुठे आहे तुझं?"

एक विचारायचं होतं. गॅरेजमध्ये तुझी मोठी निळी बॅग आहे, पुस्तकं आणि तो जाड कोट. त्याचं काय करू? म्हणजे तू येऊन नेतोस का? कधी येशील ते तारखेसकट कळव. नुसतं "येतो गं" नको. मला खरंच तारीख हवी आहे. दिवाळीला आलास तर उत्तम. पोस्टाला वेळ लागतो म्हणून लगेच उत्तर लिही.

कान झाक. तुझी थंडी कानातूनच शिरते.

ताई


२५ ऑक्टोबर

ताई,

बॅग दे टाकून. कोट कुणाला तरी देऊन टाक. एवढी अडचण होत असेल त्या गॅरेजमध्ये तर मला आधी सांगायचं होतंस, मी तेव्हाच उचलली असती. भावोजींच्या गाडीला जागा हवी असेल, बरोबर आहे त्यांचं. मेव्हण्याचं सामान माणसानं किती दिवस सांभाळायचं!

दिवाळीला येणार नाही. सीझन आहे. तारीख-बिरीख मला देता येत नाही, तुला माहीत आहे.

फराळ पाठवू नको.

शैलेंद्र


३१ ऑक्टोबर, शुक्रवार

ताई,

आधीचं पत्र फाडून टाक. पोचलं नसेल तर पोस्टमनला परत दे. मॉली हरवली. माझ्यामुळे.

काल आयनो गुडघ्याच्या डॉक्टरकडे मार्केटला गेला होता. मार्केट हे गावाचं नाव आहे, बाजार नाही. जाताना म्हणाला, कुत्र्यांना टेकडीवर फिरवून आण, दलदलीत नेऊ नको. त्याचा एकच नियम आहे, पीट पक्का होईपर्यंत दोघांना मिळून दलदलीत सोडायचं नाही. तिथे सीडरची, म्हणजे देवदारासारखी, झाडं इतकी दाट की हात लांब केला तर स्वतःचा पंजा दिसत नाही. मी नेलं. का नेलं? माझं डोकं फिरलेलं होतं, तुझ्या बॅगेवरून. वाटलं, एवढं आत जाऊ की कुणी तारीख विचारणार नाही.

दोन्ही घंट्या वाजत होत्या. मॉलीची जड, देवळातल्यासारखी. पीटची किरकिरी. आणि मध्येच मला झाडीत एक आगगाडीचा डबा दिसला. खरं सांगतो, जंगलाच्या मधोमध. पूर्वी लाकडं ओढणारी रेल्वे होती म्हणे. आत शेगडी, एक बाक, भिंतीवर चाकूनं कोरलेली नावं. मी नावं वाचत बसलो. तुला माहितीये माझं.

तेवढ्यात मॉलीची घंटी थांबली. लगेच पीटची. ऐकली मी. कळलं, एक पॉइंटवर, दुसरा बॅक करतोय. तेव्हाच धावायला हवं होतं. पण मनात आलं, उभे आहेत ना, उभे राहतील. मी जाईपर्यंत हलणारच नाहीत. आणि अजून दोन नावं वाचली. चार वाचली असतील.

बाहेर आलो तर बर्फ पडायला लागलेलं. सगळीकडे कापूस भरल्यासारखी शांतता. कुठली दिशा तेच कळेना. हाका मारून घसा फुटला. पॉइंटवरचा कुत्रा हाकेला येत नाही, तसंच शिकवलेलं असतं ना त्याला.

पीट सापडला. एका आडव्या पडलेल्या बर्चसमोर ताठ उभा, पाठीवर बर्फाचा थर. मी पुढे गेलो, झुडपं लाथेनं हलवली, पक्षी नाही, मॉली नाही, फक्त तो पांढरा ओंडका आणि फांद्या. मला इतका राग आला ताई. म्हटलं, गाढवा, इथे ती हरवलीये आणि तू लाकडाला सलाम ठोकतोस! त्याला यायचं नव्हतं. चारी पाय रोवले. मी पट्टा लावून ओढत आणला. वाटभर मागे बघत होता.

आता पुढचं ऐक. आयनो परत आला तेव्हा मी सांगितलं, टेकडीवर होतो. का सांगितलं माहीत नाही, तोंडातून गेलंच. त्यानं टॉर्च घेतला आणि सुजलेल्या गुडघ्यानं टेकडी चढला. आज सकाळपासून पुन्हा तिकडेच आहे. शिट्टी ऐकू येते मला इथे बसून. तो चुकीच्या डोंगरावर हाका मारतोय आणि मी पत्र लिहितोय.

मी पहाटे चोरून दलदलीत जाऊन आलो. पीट होता तिथलं बघून झालंय, म्हणून पार पुढे तळ्यापर्यंत गेलो. ती पक्ष्यामागे तिकडेच गेली असणार. काही नाही. लांडग्यांच्या पायांचे ठसे मात्र दिसले, ताजे.

ताई, ती कुठेतरी उभी आहे. मला तेच सहन होत नाही. मेली असती तर मेली म्हटलं असतं. पण ती उभी आहे आणि तिला वाटतंय मी येतोय.

आयनोला खरं सांगितलं तर तो मला हाकलेल. ते जाऊ दे. तो माझ्याकडे बघेल, ते मला नको आहे. काय करू सांग. दुकान बंद व्हायच्या आत हे टाकतो.

शैलू


ट्रॉय
३ नोव्हेंबर, सोमवार

शैलू,

हे ओव्हरनाइट पोस्टानं पाठवते आहे, उद्याच पोचेल असं. तुमच्या दुकानात फोन केला होता. त्या बाई म्हणाल्या, दोन दिवसांत कुणी खाली उतरलेलं नाही, रस्ता बर्फानं भरलाय. पोस्टाची गाडी मात्र उद्या वर जाणार आहे. त्यांना फोनवर सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण त्या ऐकतच नव्हत्या, "हनी, कुत्रा? कुठली बादली?" म्हणून लिहिते. पाकीट तुझ्या हातात द्यायला सांगितलंय.

उभ्यानं वाच आणि निघ.

मला कुत्र्यातलं काही कळत नाही. पण तूच लिहिलंस, मॉलीची घंटी आधी थांबली आणि लगेच पीटची. मग पीट थांबला तो कुणाला बघून? तेव्हा त्याच्यासमोर मॉलीच होती ना? ओंडका नंतर तुला दिसला. बादलीला उभा राहतो म्हणून तुम्ही इतके हसलात की त्या दिवशी तो बरोबर असेल हे तुझ्या डोक्यातच आलं नाही.

तू म्हणशील, मी बघितलं तिथे, काही नव्हतं. तू उभ्यानं बघितलंस. काल इशिताच्या कानातलं हरवलं, मी आणि तुझे भावोजी सगळी खोली शोधत होतो. ती टेबलाखाली बसून म्हणते, "इट्स राइट हिअर, मम्मा, यू आर टू टॉल." त्या झाडांच्या फांद्या खालून मोकळ्या असतात की जमिनीपर्यंत, मला माहीत नाही. तू पीटएवढा होऊन बघ.

आणि आयनोंना आधी सांग. हे वाचल्यावर पहिली गोष्ट ती. तो म्हातारा माणूस चार दिवस खोट्या डोंगरावर चढतोय. एकट्यानं जाऊ नकोस.

आता माझं. तुझं रागाचं पत्र पण पोचलं. गॅरेजमध्ये गाडीला जागा नको आहे, शैलू. गाडी विकली. भावोजींच्या कंपनीनं ऑगस्टमध्येच नोटीस दिली होती, तेव्हापासून ते घरीच आहेत, शुक्रवारी कागदावरचा शेवटचा दिवस झाला. व्हिसा नोकरीवरचा, आता आम्हाला इथे राहता येत नाही. परतीची तिकिटं एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. व्हिसाचा वकील ओरडतोय, तुझे भावोजी कारण विचारतात. मी सांगते, इशिताला सर्दी आहे, प्लंबर यायचाय. खरं कारण एकच. तू कुठे आहेस ते नक्की माहीत नसताना मला विमानात बसता येत नाही.

तुला आधी सांगितलं नाही, कारण तू घाबरलास की अजून वर पळतोस. वर आता कॅनडाच उरलाय.

तू म्हणालास कॉलेज, मी आईला कॉलेज सांगितलं. मग तू म्हणालास सफरचंदं तोडायला जातो, मी म्हटलं इंटर्नशिप. मला कधी कसला वास आला नाही रे. तू थांबलायस, म्हणजे काहीतरी असेल, असं म्हणून मी उभी राहिले. कंटाळा नाही आला. पण पाय दुखतात.

जा आता.

ताई


आयनोची केबिन
५ नोव्हेंबर

ताई,

मॉली जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहितो, बाकीचं सावकाश वाच.

पाकीट काल दुपारी दुकानातल्या बाई स्वतः घेऊन आल्या, बर्फाच्या स्कूटरवर, अंगात नवऱ्याचा कोट. म्हणाल्या, "तुझ्या बहिणीनं मला शपथ घातलीये, म्हणजे तसंच काहीतरी." मी दारातच वाचलं. आयनो टेबलाशी बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता, पुन्हा टेकडीवर जायला. मी म्हटलं, "टेकडीवर नव्हतो. दलदलीत होतो. दोघांना नेलं होतं. मी खोटं बोललो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. जे नको होतं तेच. ओरडला असता तर बरं झालं असतं. पट्टी तशीच अर्धवट ठेवून उठला आणि एकच शब्द बोलला. "कुठे?"

पीटला नेलं. पट्टा सोडला मात्र, तो असा गेला की घंटी सारखी एका सरळ रेषेत वाजत गेली. मग थांबली. आम्ही पोचलो तर हा तिथेच, त्याच पडलेल्या बर्चसमोर, तसाच ताठ. मान ओंडक्याच्या जरा डावीकडे. गेल्या वेळीही डावीकडेच असणार, मी बघितलं कुठे.

मी बर्फात पोटावर झोपलो. हनुवटी त्याच्या पंजाशी टेकवली. ताई, उभ्यानं बघितलं तर नुसती भिंत आहे फांद्यांची. खालून बघितलं तर एक लांब बोगदाच आहे, हरणांची वाट. त्या वाटेच्या टोकाला बर्फाचा एक छोटा ढीग. त्या ढिगाला एक तपकिरी कान.

तारेचा फास होता. कुणीतरी मागच्या हिवाळ्यात कोल्ह्यासाठी लावला आणि विसरून गेला. ती पॉइंटवरच असणार, पक्षी पुढे सरकला, तिनं एक पाऊल टाकलं आणि गळ्याशी तार आवळली. आयनो म्हणाला, दुसरं कुठलंही कुत्रं झटापट करून त्याच संध्याकाळी गुदमरलं असतं. हिला लहानपणापासून शिकवलंय, गळ्याशी ओढ लागली की थांबायचं. म्हणून थांबली. बर्फ चाटत राहिली. पहिल्या दिवशी मी झुडपांना लाथा मारत होतो तेव्हा तिनं मला बघितलं असणार. भुंकली नाही, कारण भुंकायचं नाही हेही आम्हीच शिकवलंय.

आयनोनं पक्कडीनं तार कापली. मी धरू का म्हटलं तर कोपरानं मला बाजूला केलं. कोटात गुंडाळून तिला त्यानंच उचललं, त्या गुडघ्यानं, आणि मागे न बघता निघाला.

आणि पीट उभाच. ती गेली तरी उभा. समोर काही नाही, नुसता खड्डा आणि तार. अंगभर कापत होता, पण हलला नाही, कारण त्याला कुणी सोडलंच नव्हतं. मी परत आलो, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा कुठे त्याचे पाय मोकळे झाले आणि तो खालीच बसला. मी पण बसलो.

मॉली स्टोव्हशेजारी आहे. गळ्याला जखम खोल आहे, मागचा एक पंजा काळा पडलाय, डॉक्टर म्हणाले पंजा जाईल की राहील ते शुक्रवारी कळेल. चमच्यानं सूप पाजतो, थोडं आत जातं, बरंच बाहेर येतं. ती माझा हात चाटते. तेच मला बघवत नाही.

आयनोनं मला हाकललं नाही. पण रोज पीटला फिरवायला नेताना तो घंटी माझ्या हातात द्यायचा, आज सकाळी ती त्यानं स्वतःच बांधली.  मग मी त्याला तुझं सांगितलं, गाडी विकली, नोकरी गेली, सगळं. तो खूप वेळ कॉफी ढवळत बसला. त्यात साखर पण नसते. म्हणाला, "मग इथे काय करतोस?"

तर ऐक. तारीख हवी होती ना तुला? शनिवारी, ८ नोव्हेंबरला पोचतो. मार्केटहून शुक्रवारी संध्याकाळची बस आहे, आयनो सोडतो म्हणाला. मॉलीच्या पंजाचं कळलं की निघतो. येऊन तुझी खोकी बांधतो, जिना चढउतार करतो, इशिताला बादलीसमोरून उचलतो. निळी बॅग टाकू नकोस, कोट लागेल. आईला फोन मी करतो, तुझ्यासमोर बसून, आणि प्राणिशास्त्राचं मीच निस्तरतो. तुमच्याबरोबर परत येईन की नाही, ते मला आज माहीत नाही. खोटं लिहीत नाही. पण मी कुठे आहे ते तुला यापुढे माहीत असेल.

भावोजींना सांग, तिकीट काढा आणि आता हलवू नका. इशिताची सर्दी बरी झाली म्हणावं. प्लंबर येऊन गेला म्हणावं.

तू मोठी आहेस, तुझ्या डोक्यावर मी हात ठेवणं बरं दिसत नाही. ठेवला असं समज, आणि बस खाली.

शैलू